नाकात मलम लावून झालं, आता स्टूलमध्ये स्टॅफ निघाला, मग पुढे काय?

प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इथल्याच, नागपूरच्या एका ताईंचा मुलगा ११ वर्षांचा, त्याला मागच्या उन्हाळ्यापासून मांडीवर अन् बसायच्या जागेवर गळवं होऊन राहिली, चार वेळा झाली, एकदा चिरा द्यावा लागला. नाकाचा स्वॅब केला तर एमआरएसए, म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ जंतू, निघाला, स्किनच्या डॉक्टरांनी ५ दिवस नाकात लावायला मलम दिलं, दोन महिने शांत गेले आणि पुन्हा गळू. मग कोणीतरी सांगितलं म्हणून स्टूल कल्चर, म्हणजे संडासच्या सँपलमधले जंतू वाढवून पाहायची तपासणी, केलं, त्यात स्टॅफायलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) आला. आजी म्हणाल्या पोटात जंत झाले, त्यांनी जंताची गोळीच देऊन टाकली. आता ताई विचारतात की पोटातला जंतू मारायला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं, घरातल्या सगळ्यांचं स्टूल तपासायचं का, आणि आजींना शुगर आहे तर त्यांना धोका आहे का.

ताई, मी बावीस-तेवीस वर्षं मायक्रोबायोलॉजीतच आहे, लोकांचा पू, थुंकी, लघवी आणि स्टूल यातच माझा दिवस जातो, त्यामुळे उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

आधी आजींचं. जंत वेगळे आणि जंतू वेगळे. जंत म्हणजे कृमी, त्यातले काही तर डोळ्यांनीही दिसतात. स्टॅफ हा बॅक्टेरिया, एका मिलीमीटरमध्ये हजार जण रांगेत उभे राहतील एवढा बारीक, त्याचं जंताच्या अल्बेंडाझोलनं काहीच बिघडत नाही. गोळी दिली तर दिली, ती शाळेतही देतातच, आजींना रागावू नका. फक्त त्या गोळीनं गळवं थांबतील या आशेवर राहू नका.

आता मेन गोष्ट. स्टूलमध्ये स्टॅफ सापडणं म्हणजे पोटाचा आजार नाही. तुमच्या मुलाला जुलाब नाहीत, पोट दुखत नाही, भूक चांगली आहे, मग तो फक्त कॅरियर आहे, म्हणजे जंतू त्याच्याकडे राहतो, त्याला त्रास देऊन नाही राहिला. आणि असे कॅरियर तुम्ही समजता तेवढे कमी नाहीत. नाकाचं तर बऱ्याच जणांना माहीत असतं, साधारण १०० धडधाकट माणसांतल्या ३० जणांच्या नाकात कुठल्याही एका दिवशी स्टॅफ ऑरियस सापडतो. आतड्याचं कोणी बोलत नाही, पण वेगवेगळ्या देशांत जेवढा अभ्यास झाला तो एकत्र पाहिला तर साधारण ५ माणसांत एकाच्या स्टूलमध्ये तो असतो, म्हणजे नाकापेक्षा थोडं कमी. ही दवाखान्यातल्या पेशंटचीच गोष्ट नाही बरं का, चालत्या-फिरत्या, ऑफिसला जाणाऱ्या, बर्डीवर शॉपिंग करणाऱ्या माणसांतही तेच.

माझंच सांगते. नवीन टेक्निशियन शिकवायला घेतले की मी त्यांना आधी स्वतःचेच सँपल लावायला लावते, लाज पण जाते आणि हात पण बसतो. अशाच एका बॅचसोबत मीही माझं लावलं. नाक एकदम क्लीन आणि स्टूलच्या प्लेटवर पिवळं. त्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते, मॅडमच्या पोटात स्टॅफ! मला तेव्हाही काही होत नव्हतं, त्यानंतरही काही झालं नाही, आणि मी त्यावर एक गोळीही घेतली नाही.

ते पिवळं म्हणजे काय ते पण सांगून टाकते, कारण रिपोर्टवर एक ओळ येते पण तिच्यामागे दोन-तीन दिवस असतात. स्टूलमध्ये बाकीच्या जंतूंची एवढी गर्दी असते की साध्या प्लेटवर लावलं तर स्टॅफ दबून जातो. म्हणून आम्ही मीठवाली प्लेट वापरतो, मॅनिटॉल सॉल्ट अगार, तिच्यात साडेसात टक्के मीठ असतं, एवढ्या मिठात पोटातले बहुतेक जंतू गप्प बसतात आणि स्टॅफ मात्र मजेत वाढतो, लोणच्यासारख्या जागेत राहायची त्याला सवय आहे म्हणा. प्लेट आधी गुलाबी-लाल असते, स्टॅफ ऑरियस त्यातली मॅनिटॉल नावाची साखर खाऊन आम्ल सोडतो आणि वसाहतीच्या आजूबाजूची जागा पिवळी होते, सकाळी इनक्युबेटर उघडला की लांबूनच दिसते. मग त्यातली एक वसाहत उचलून सशाच्या प्लाझ्मामध्ये घालायची, गुठळी झाली तर ऑरियस. मग औषधांच्या डिस्क लावायच्या, त्यातल्या सेफॉक्सिटिनच्या डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीनं मोजायचं, २१ मिलीमीटर किंवा कमी आलं तर एमआरएसए, २२ किंवा जास्त असेल तर साधा स्टॅफ. एका मिलीमीटरवर माणसाच्या रिपोर्टला ती चार अक्षरं लागतात, म्हणून आम्ही काठावरचं दोनदा मोजतो.

आणि हो, साधं स्टूल कल्चर सांगितलं तर बहुतेक लॅब साल्मोनेला, शिगेला, कॉलरा हेच शोधतात, स्टॅफ कोणी शोधतच नाही, सापडला तरी बरेच जण लिहीत नाहीत. तुमच्या लॅबनं लिहिला कारण तुम्ही सांगून करून घेतलं असेल. तुमच्या रिपोर्टवर फक्त ऑरियस लिहिलंय, एमआरएसए आहे की नाही ते लिहिलेलं नाही, ते विचारून घ्या, म्हणजे नाकातला आणि पोटातला एकाच जातीचा आहे का याचा अंदाज तरी येईल.

आता नाकात मलम लावून परत काऊन झालं. म्युपिरोसिन, म्हणजे हे नाकातलं मलम, चांगलं औषध आहे, दिवसातून दोनदा, ५ दिवस, नाक साफ करतं. पण ते नाकच साफ करतं नं. स्टॅफची घरं नाकात, घशात, काखेत, जांघेत, गुदद्वाराच्या आजूबाजूला आणि आतड्यात. एक घर रिकामं केलं आणि बाकी तशीच ठेवली तर भाडेकरू परत यायला किती वेळ लागतो? तुमच्या मुलाची गळवं कुठे आहेत पाहा, मांडी आणि बसायची जागा. गळू तोंडावर, मानेवर असेल तर मी नाकावर जास्त संशय घेते, कमरेखाली परत परत होत असतील तर मला खालचं घर आठवतं. हा काही कायदा नाही, माझा इतक्या वर्षांचा अंदाज आहे, पण पोरं नाकात बोट घालतात तसंच खाजवतातही, त्यामुळे दोन्ही घरांमधला रस्ता बोटांनीच बनतो.

आतड्यात हा पोचतो कसा, तर बराचसा गिळूनच. नाकातला शेंबूड मागे घशात उतरतो, आपण दिवसभर तो गिळतो, त्यातला काही पोटातल्या ॲसिडमधून जिवंत पार होतो. हाताने जेवतो, हातावरचा जातो. लहान बाळांचं तर अजून गमतीचं आहे, स्वीडनमध्ये तान्ह्या बाळांचे स्टूल पाहिले तर पहिल्या वर्षात निम्म्याहून जास्त बाळांच्या आतड्यात स्टॅफ ऑरियस सापडला, आणि तो बऱ्याच वेळा आईबापांच्याच अंगावरचा, नाकातला निघाला. ती बाळं ठणठणीत होती. मग पोट जसजसं बाकीच्या जंतूंनी भरत जातं तसतसा हा मागे पडतो. मोठ्या माणसाच्या एक ग्रॅम स्टूलमध्ये एकूण जंतू १०,००० कोटींच्या घरात असतात, त्यात स्टॅफ असलाच तर बहुतेक वेळा हजारांत किंवा लाखांत, म्हणजे इतवारीच्या भरगच्च बाजारात चार पोरं कोपऱ्यात उभी असावीत तसं.

आणि म्हणूनच अँटिबायोटिक देऊ नका. ती इतवारीची गर्दीच त्याला दाबून ठेवते. तुम्ही पोटात अँटिबायोटिक घातलं की आधी मरतात ते सरळमार्गी जंतू, आणि एमआरएसए तर आधीच अर्ध्या औषधांना भीक घालत नाही, त्याला मोकळं मैदान मिळतं. १९५० च्या दशकात नवीन नवीन अँटिबायोटिक आली तेव्हा ती घेतलेल्या पेशंटमध्ये भयंकर जुलाब व्हायचे आणि स्टूलमध्ये स्टॅफ भरभरून दिसायचा, तेव्हाचे डॉक्टर सगळा दोष स्टॅफला द्यायचे. १९७८ मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या दुसऱ्याच जंतूवर बोट ठेवलं गेलं आणि त्यातलं बरंचसं त्याचं होतं हे कळलं. पण अँटिबायोटिकनंतर स्टॅफ आतड्यात माजतो हे निरीक्षण चुकीचं नव्हतं. तुमच्या मुलाला चार गळवांसाठी किती कोर्स झाले ते तुम्ही लिहिलं नाही, माझा अंदाज आहे तीन तरी झाले असतील, आणि पोटातली वस्ती टिकून राहण्याचं ते एक कारण असू शकतं. गळवाचं खरं औषध म्हणजे पिकल्यावर चिरा देऊन पू काढणं. गोळ्या लागतात, नाही असं नाही, ताप असेल, लाली पसरत असेल, गळू मोठं असेल तर लागतातच, पण ते डॉक्टरांनी गळू पाहून ठरवायचं, स्टूलचा रिपोर्ट पाहून नाही.

मग दही खाऊन जाईल का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. इथं एक खरंच इंटरेस्टिंग गोष्ट आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात थायलंडच्या गावांतल्या २०० लोकांचं नाक आणि स्टूल तपासलं, २५ जणांच्या आतड्यात स्टॅफ ऑरियस होता आणि २६ जणांच्या नाकात. ज्यांच्या स्टूलमध्ये बॅसिलस जातीचे जंतू होते, त्यांच्यातल्या एकाच्याही आतड्यात स्टॅफ नव्हता. एकाच्याही! कारण शोधलं तर बॅसिलस फेंगायसिन नावाचा पदार्थ सोडतो, तो स्टॅफला मारत नाही, तर स्टॅफ एकमेकांना जे रासायनिक इशारे देतात ते बंद पाडतो, आणि त्या इशाऱ्यांशिवाय स्टॅफला आतड्यात पाय रोवता येत नाही. म्हणजे भांडण न करता फक्त मोबाईलचा टॉवर बंद केला. मग तिथेच ११५ कॅरियर लोकांवर चाचणी झाली, ती २०२३ मध्ये छापून आली, काही जणांना ३० दिवस बॅसिलस सबटिलिस दिला, काहींना खोटी गोळी. बॅसिलसवाल्यांच्या स्टूलमधला स्टॅफ ९६.८ टक्के कमी झाला आणि नाकातला ६५.४ टक्के. औषध पोटात आणि कमी होतो नाकात, यावरून मला तरी वाटतं की आतडं हे गोडाऊन आहे आणि नाक हे दुकान, आपण इतकी वर्षं दुकानाचंच शटर पाडत बसलो.

पण लगेच मेडिकलमध्ये पळू नका. त्यांनी दिलेला बॅसिलस सबटिलिस, आणि आपल्याकडे जुलाबात पोरांना ती छोटी प्लास्टिकची कुपी तोडून पाजतात, त्यात असतो बॅसिलस क्लॉसी, चुलतभाऊ आहे पण तो नव्हे, ही चाचणी त्याच्यावर झालेली नाही. दह्यातले लॅक्टोबॅसिलस तर वेगळ्याच खानदानाचे, नावात बॅसिलस आहे एवढंच. दही खा, उन्हाळ्यात ताक प्या, चांगलंच आहे, पण स्टॅफसाठी म्हणून नको. शिवाय त्या चाचणीत जंतूंची संख्या कमी झाली हे दाखवलंय, गळवं कमी होतात हे अजून दाखवायचं बाकी आहे. मी कोणाला लिहून देत नाही अजून.

तर मग करायचं काय. घरातल्या सगळ्यांचं स्टूल तपासू नका, पैसे वाया, कोणाचं पॉझिटिव्ह येईल, कोणाचं नाही, करायचं ते सगळ्यांनाच सारखं आहे. आणि ते सगळ्यांनी एकाच वेळी करायचं, ही गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेत सेंट लुइसला अशा पोरांच्या घरांवर अभ्यास झाला, अर्ध्या घरांत फक्त पेशंटलाच नाकाचं मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची अंघोळ ५ दिवस, बाकी घरांत सगळ्या कुटुंबाला. वर्षभरात परत गळू झालं ते पहिल्या गटात ७२ टक्क्यांना, दुसऱ्यात ५२ टक्क्यांना. म्हणजे घरभर केलं तरी निम्म्यांना परत झालंच, जादू नाही हे समजून घ्या, पण फरक आहे. तुमच्याकडे मलम फक्त मुलाला लावलं होतं, त्याच्या बाबांनाही एकदा गळू झालं होतं असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात, मला तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. डॉक्टरांना सांगा, सगळ्या घराचा एकदाच कोर्स करू म्हणा. ४ टक्केवालं क्लोरहेक्सिडिन मिळतं, डोळ्यात, कानात जाऊ द्यायचं नाही, काख, जांघ, बसायची जागा इथं नीट लावायचं. आणि म्युपिरोसिन मनानं परत परत आणून लावू नका, त्यालाही स्टॅफ सरावतो.

त्या ५ दिवसांत टॉवेल, चड्ड्या, बेडशीट, उशीचे अभ्रे रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. उन्हाची आपल्याकडे काय कमी, मे महिन्यात गच्चीवर टाकलं की अर्ध्या तासात पापड. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आणि आंघोळीची घासणी पण. नखं कापा, बारीक, आठवड्यातून दोनदा. आणि हे जरा स्पष्ट लिहिते, कोणी लिहीत नाही म्हणून, आपण पाण्यानं धुतो, चांगली सवय आहे, पण त्यानंतर ११ वर्षांचा पोरगा हात नुसता नळाखाली धरून पळतो. नखांत जे राहतं ते दहा मिनिटांनी मांडीवरच्या घामोळ्यांवर खाजवतं. साबण, दोन्ही हात, नखांच्या आत, वीस आकडे मोजेपर्यंत, एक आठवडा तुम्ही दारात उभं राहून पाहा.

अजून एक, हे नागपूरचं खास. उन्हाळ्यात आपण सगळे तोंडाला दुपट्टा नाहीतर स्कार्फ बांधून फिरतो, फक्त डोळे दिसतात. तो दुपट्टा दिवसभर नाकावर असतो, घाम आणि शेंबूड त्यात मुरतो, मग त्याच दुपट्ट्यानं मान पुसतो, गाडीची सीट पुसतो, घरी आला की खुंटीवर, आणि दुसऱ्या दिवशी तोच भावानं बांधला. माझ्याकडे एका घरातून आलेल्या तिघा भावंडांना मानेवर, एकाच बाजूला, गाठ यायची तिथे फोड होते. मी विचारलं स्कार्फ किती आहेत घरात, तर एक. कूलरची खस बदलताना हाताला ओरखडे पडतात तेही धुऊन झाकून घ्या, स्टॅफला तेवढी फट पुरते.

आजींचं. शुगर असणाऱ्यांना गळू झालं तर ते जास्त पसरतं, बरं व्हायला वेळ लागतो, हे खरं. पण नातवाच्या पोटात स्टॅफ आहे म्हणून त्याला आजीपासून लांब ठेवायचं काही कारण नाही, कुशीत झोपला तर झोपू द्या, उघडं गळू मात्र पट्टीनं झाकलेलं पाहिजे. आजींची शुगर कंट्रोलमध्ये, पायाच्या भेगा बुजवलेल्या, एवढं बघा. त्यांचं गुडघ्याचं किंवा दुसरं काही ऑपरेशन ठरत असेल तर तेव्हा सर्जनला घरात एमआरएसए आहे हे आधी सांगा, ते स्वॅब घेऊन ठरवतील, तिथं या माहितीचा खरा उपयोग आहे. तसाच डायलिसिसवाल्यांना, आयसीयूत भरती असणाऱ्यांना. नाकात आणि आतड्यात दोन्हीकडे एमआरएसए असलेल्या पेशंटला जुलाब लागले तर पलंग, चादर, दाराची कडी सगळ्यावर तो पसरतो, म्हणून वॉर्डात त्याचं महत्त्व वेगळं.

शाळेला सांगायची गरज नाही. पट्टी झाकलेली असेल तर शाळेत जाऊ द्या, स्विमिंग तेवढं जखम भरेपर्यंत बंद.

स्वयंपाकाचं विचारलं नव्हतं तरी सांगते, कारण स्टॅफ आणि पोट म्हटलं की लोकांना फूड पॉयझनिंगच आठवतं. ते प्रकरण वेगळं. तिथं जंतू तुमच्या आतड्यात राहत नाही, तो खव्यात, बर्फीत, सकाळच्या शिल्लक भातात तासन्‌तास उबेत वाढतो, विष सोडतो, आणि ते विष खाल्लं की अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या. परत उकळलं तर जंतू मरतो, विष मरत नाही, हे लोकांना पटत नाही, गरम तर केलं होतं मॅडम म्हणतात. हा जंतू बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या बोटावरून जातो. तेव्हा हातावर, नखाच्या कडेला पिकलेलं असेल तो माणूस त्या आठवड्यात कणीक मळणार नाही, मिठाई वळणार नाही, बस. आतड्यात स्टॅफ आहे म्हणून पोळ्या लाटायच्या नाहीत असं मात्र काही नाही, नाहीतर मलाच पहिले स्वयंपाकघरातून बाहेर काढावं लागेल.

तोंडावर, नाक-ओठाच्या भागात गळू आलं तर दाबू नका, तिथून रक्तवाहिन्या डोक्याकडे जातात, सरळ दवाखाना. ताप, थंडी, लाली झपाट्यानं पसरणं, पोरगं मलूल होणं, तरी थांबू नका, मेडिकल कॉलेजला नाहीतर मेयोला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी जो जवळ असेल तिथं रात्रीही जा.

आणि पुढच्या वेळी गळू झालं तर स्टूल नको, पू आणा. नेमका कुठला स्टॅफ त्रास देऊन राहिला आणि त्याला कुठलं औषध चालतं हे पूच सांगतो. चिरा देताना डॉक्टरांना सांगून स्वॅब घ्या आणि सरळ लॅबमध्ये या. मागच्या मे महिन्यात एक दादा सँपल स्कूटीच्या डिक्कीत ठेवून धरमपेठेत बायकोसाठी साडी बघायला गेले, दोन-अडीच तासांनी आले, मी ट्यूब हातात घेतली तर चहाच्या कपासारखी गरम. प्लेट लावली, दोन दिवस पाहिली, काहीच उगवलं नाही. दादा खूश, म्हणाले, मॅडम जंतू गेला म्हणजे.